दैवाचा वाटा किती?

27 मार्च 1994. ईस्टरच्या आधीचा रविवार, ख्रिस्ती लोकांचा ‘पाम संडे’. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात, पीडमाँट गावाजवळच्या गोशेन युनायटेड मेथडिस्ट चर्चमध्ये सकाळची उपासना सुरू होती. तेवढ्यात टोर्नेडो येऊन धडकला, इमारत भाविकांवर कोसळली आणि वीस माणसे गेली. त्यांत लहान मुले होती. चर्चच्या धर्मोपदेशक बाईंची चार वर्षांची मुलगीही होती.

देवाने स्वतःच्या घरात, स्वतःचीच प्रार्थना चालू असताना हे कसे होऊ दिले?

हा प्रश्न गोशेनच्याही फार आधीचा. 1 नोव्हेंबर 1755 रोजी, सर्व संतांच्या सणाला, लिस्बनची चर्च भरलेली असताना भूकंप झाला आणि हजारो माणसे मेली. व्होल्तेरने त्यावर दीर्घ कविता लिहून ‘जे आहे ते चांगल्यासाठीच’ ही शिकवण झिडकारली. रूसोने पुढच्या वर्षी त्याला पत्र लिहिले आणि दुसरीकडेच बोट ठेवले: सहा-सात मजली घरे एकाच जागी दाटीने निसर्गाने बांधलेली नव्हती. रूसोला देवाची बाजू राखायची होती. पण त्या भरात त्याने वादच देवाच्या दरबारातून काढून माणसाच्या अंगणात आणला.

गोशेनच्या बाबतीत हा मुद्दा अधिकच बोचतो, कारण तिथे इशारा दिला गेला होता. राष्ट्रीय हवामान सेवेने 11 वाजून 27 मिनिटांनी टोर्नेडोची सूचना जारी केली आणि त्यानंतर सुमारे दहा मिनिटांनी चर्च पडले. आतल्या माणसांपर्यंत ती सूचना पोचलीच नाही. वादळाची वाट वळवणे कोणाच्याही हातात नव्हते, त्या दहा मिनिटांचे काय करायचे हे मात्र होते. दुर्घटनेनंतर उपराष्ट्राध्यक्ष अल गोर तिथे गेले आणि हवामान-रेडिओचे जाळे देशभर वाढवण्याच्या कामाला जोर आला. ईश्वराला विचारलेल्या प्रश्नाचे एक उत्तर असे माणसांच्या कामातून मिळाले. त्याने कोणाचे लेकरू परत आले नाही, तरीही ते खरे उत्तर होते.

दहा मिनिटेच का, दहा तास का नाहीत? मेक्सिकोच्या आखातावरून येणारी दमट हवा, तिच्यावर कोरडी थंड हवा आणि उंचीनुसार वेग व दिशा बदलणारा वारा एकत्र आले की स्वतःभोवती फिरणारे गडगडाटी ढग तयार होतात. अशी परिस्थिती कोणत्या भागात जुळून येईल हे आधी सांगता येते. मात्र त्यांतला कोणता ढग कोणत्या गावावर सोंड टेकवेल, हे रडारवर फिरकी दिसू लागल्यावरच कळते. फिरकी दिसली तरी पुष्कळदा टोर्नेडो होत नाही, त्यामुळे अमेरिकेतले बहुसंख्य इशारे फुकट जातात.

अशाच फुकट जाणाऱ्या इशाऱ्यांच्या भीतीपोटी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या हवामान खात्याने अंदाजात टोर्नेडोचे नाव घेणेच बंद केले. लोक घाबरतील, त्यापेक्षा न सांगितलेले बरे, असा तो विचार होता. ही कोंडी फोडली ती सैन्याने. 20 मार्च 1948 रोजी ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळावर टोर्नेडो आला. त्यानंतर मेजर फॉबुश आणि कॅप्टन मिलर या दोन हवामान अधिकाऱ्यांनी जुन्या नोंदी चाळल्या आणि 25 मार्चला तशीच स्थिती दिसताच इशारा दिला. एकाच ठिकाणी पाच दिवसांत दुसऱ्यांदा टोर्नेडो येण्याची शक्यता नगण्य होती, हे दोघांनाही ठाऊक होते. संध्याकाळी तो आला. विमाने आधीच सुरक्षित केलेली होती आणि कोणाचा जीव गेला नाही. अंदाज चुकला असता, तरी तो देणे बरोबरच ठरले असते. इशाऱ्याचा खरेपणा संध्याकाळच्या निकालावर नव्हे, तर सकाळी हाती असलेल्या ज्ञानाशी तो किती इमान राखतो यावर ठरतो.

श्रद्धाच माणसाला गाफील करते, असाही एक आक्षेप आहे. सिम्स आणि बाउमन या संशोधकांनी 1972 मध्ये अलाबामा आणि इलिनॉय इथल्या लोकांची तुलना करून लिहिले, की दक्षिणेतले लोक सारे देवावर सोपवतात, म्हणून तिथे टोर्नेडोत जास्त माणसे मरतात. यावर पुढे बरीच टीका झाली, आणि ती रास्त होती. दक्षिणेत टोर्नेडो रात्री अधिक येतात आणि पुष्कळ गरीब कुटुंबे पायाला नीट न जखडलेल्या फिरत्या घरांत राहतात. ज्याच्याकडे लपायला तळघर नाही, त्याने देवाचा धावा केला तर त्याला दैववादी कसे म्हणावे?

योगवासिष्ठ म्हणते, दैव म्हणजे पूर्वीचा पुरुषार्थच. हे वचन मेलेल्यांच्या माथी त्यांचे पूर्वकर्म मारण्यासाठी वापरले जाते, तेव्हा ते क्रूर होते. पण समाजाच्या पूर्वकर्माला ते चपखल लागू पडते: न बसवलेला भोंगा, कच्चे घर, न पोचलेला निरोप. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत, त्यांत दैव पाचवे. अधिष्ठान, कर्ता, साधने आणि प्रयत्न ही चार त्याच्या आधी येतात. या चारांचा हिशेब न मांडता थेट पाचव्याचे नाव घेणे, ही श्रद्धा नव्हे.

हाच हिशेब आपल्याकडेही मांडायला हवा. भारतात वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. त्यांत शेतात राबणारी माणसे फार असतात, विदर्भ-मराठवाड्यातलीही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ अ‍ॅप परिसरातल्या विजेची सूचना देते. पण ज्याच्या डोक्यावर आभाळ भरून आले आहे, त्याच्या खिशात तो फोन असेलच असे नाही. आपल्या फोनवर सूचना आली, की शिवारातल्या माणसाला हाक मारा, झाडाखालून उठवा, पक्क्या घरात आणा. वीज पडली नाही आणि लोक हसले, तरी पुढच्या वेळी पुन्हा हाक मारा.