पोरांना काय देऊन जाणार?

बसा, पालकांनो. मागे दाराशी उभे आहेत त्यांनी पुढे यावं, बाकं रिकामी आहेत. मोबाईल पिशवीत ठेवा. दर वर्षी या सभेत मी शब्बाथ शाळेची हजेरी वाचते, बक्षिसांची नावं सांगते, तुम्ही टाळ्या वाजवता आणि चहा घेऊन घरी जाता. आज तसं होणार नाही. मुलांविषयी माझी काही तक्रार नाही. मला बोलायचं आहे ते तुमच्याविषयी.

मोठ्या वर्गाला मी सांगितलं होतं, घरातलं सगळ्यात जुनं पवित्र शास्त्र घेऊन या. एका मुलीने आणलेलं हातात घेतलं आणि मला पुढे शिकवणं सुचेना. काळा पुठ्ठा, शिवण उसवलेली, रुमालात बांधलेलं. पहिल्या कोऱ्या पानावर टाकाने लिहिलेली घराण्याची नोंद: कोण कधी जन्मलं, बाप्तिस्मा कधी, लग्न कधी, प्रभूमध्ये निद्रा कधी. आधी पणजोबांचं अक्षर, मग आजोबांचं. स्तोत्रसंहितेच्या पानांच्या कडा बोटं लागून लागून काळ्या पडलेल्या. समासात पेन्सिलच्या खुणा, आणि एका स्तोत्रापाशी नुसता 'दुष्काळ' असा एकच शब्द. शेवटची नोंद मुलीच्या वडिलांच्या बाप्तिस्म्याची. त्याखाली पान कोरं. तिचा जन्म त्यात नाही, तिचा बाप्तिस्मा नाही. मी म्हटलं, बाळ, पणजोबांनी खूण केलेलं ते स्तोत्र वाच. एकेक अक्षर लावत ती तिसऱ्या ओळीपर्यंत आली आणि रडवेली होऊन म्हणाली, "बाई, हे पुस्तक आमच्याकडे शोकेसमध्ये असतं. काढत नाही कोणी." मान तिने खाली घातली. ती घालायला हवी होती तुम्ही.

इंग्रजी शाळेत घातलं म्हणून मी बोलत नाही. इंग्रजीतून वाचा, काय हरकत आहे? पण घरात इंग्रजी शास्त्र तरी कोण उघडतं?

तुमच्यापैकी पुष्कळांचे पणजोबा या नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत गावकुसाबाहेर राहत होते. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1831 साली इथे आले. ज्ञानोदय हे नियतकालिक 1842 साली याच शहरात सुरू झालं. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अक्षर शिरू दिलं नव्हतं, त्यांच्या हातात अक्षर आलं ते शास्त्राबरोबर. दिवसभर राबायचं आणि रात्री दिव्यापाशी बसून शुभवर्तमान वाचायला शिकायचं, ही त्या माणसांची रीत होती. गावाने वाळीत टाकलं तरी ते मागे फिरले नाहीत. त्यांची पतवंडं आज ग्रॅज्युएट आहेत, परदेशात आहेत, मला त्याचा अभिमान आहे. पण त्याच पतवंडांना योहान आणि योना यांतला फरक सांगता येत नाही, हे मी कोणाला सांगू?

यहोशवाचं पुस्तक शेवटचं कधी वाचलंत? त्यात अध्यायच्या अध्याय जमिनीच्या वाटणीचे आहेत. कोणत्या वंशाला कोणती नगरं, शीव कुठून कुठे, सगळं सातबाऱ्यासारखं चोख. आणि शास्ते उघडलं की दुसऱ्याच अध्यायात लिहिलं आहे की ती पिढी गेली आणि तिच्यामागून परमेश्वराला न ओळखणारी पिढी उठली. एका पिढीत, पालकांनो! ज्यांनी यार्देन ओलांडली त्यांच्याच घरात. जमीन मिळाली, घरं मिळाली, द्राक्षमळे मिळाले आणि सांगायचं राहून गेलं. मोशेने तर आधीच बजावलं होतं की मुलांना घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना सांगत राहा. त्याने हे काम शब्बाथ शाळेच्या बाईंवर सोपवलं नव्हतं. माझ्याकडे तुमचं मूल आठवड्यातून एक तास असतं. बाकीचे सगळे तास तुमच्याकडे आहेत.

आणि तुम्ही त्या तासांचं काय करता? रविवारी क्लास असतो म्हणून दहावीचं पोरगं वर्षभर उपासनेला येत नाही. विचारलं तर म्हणता, बाई, वर्ष महत्त्वाचं आहे. एली याजकालाही मुलांना दुखवायचं नव्हतं. तोंडाने बोलला, आवरलं नाही, आणि तू माझ्यापेक्षा आपल्या मुलांचा मान अधिक राखतोस असा ठपका देवाने त्याच्यावर ठेवला. हा भाग मी मुलांना शिकवते तेव्हा ती माझ्याकडे बघत राहतात. घरी जाऊन तुम्हाला काही विचारत नाहीत, एवढी ती समजूतदार आहेत.

वडील मंडळींना वेगळं सांगते. तीमथ्याला विश्वास मिळाला तो आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून. बाप ग्रीक होता. तुम्ही ग्रीक नाही. तुमचा बाप्तिस्मा झाला आहे, दृढीकरण झालं आहे, काहींची नावं पंच कमिटीत आहेत. उपदेश सुरू झाला की तुम्ही बाहेर गाडीला टेकून गप्पा मारता. चर्चच्या जागेच्या वादात तारखेला कोर्टात वेळेवर हजर राहता. आईवडिलांच्या नावाचा पंखा चर्चला दिलात, पात्यावर नाव रंगवून घेतलंत. पंख्याबद्दल आभार. पण ते आईवडील पहाटे काय म्हणून प्रार्थना करत होते, ते तुमच्या मुलाला माहीत आहे का?

एक गोष्ट स्पष्ट सांगते, नाहीतर जे कष्टी आहेत ते आणखी खचतील. काही घरांत प्रार्थना होते, शास्त्र वाचलं जातं, तरी मूल दूर जातं. शमुवेलासारख्या माणसाचे मुलगेही लाच खाणारे निघाले. त्या आईबापांना मी एक शब्द बोलत नाही. त्यांच्यासाठी मी रोज गुडघ्यावर बसते. मी बोलते आहे ते ज्यांनी कधी सुरुवातच केली नाही, त्यांना.

विश्वास जबरदस्तीने देता येत नाही, असं तुमच्यातले शिकलेले लोक मला ऐकवतात. मला माहीत आहे. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यामागे गेल्या नाहीत. त्यांचा बाप्तिस्मा झाला 1900 साली, त्यांच्या स्वतःच्या मनाने. पण त्या घरात पाहण्यासारखं काहीतरी होतं, म्हणून त्यांनी पाहिलं. पुढे शाळेची पायरी न चढलेल्या या बाईने टिळकांचं अपुरं राहिलेलं महाकाव्य ख्रिस्तायन हाती घेऊन पुढे नेलं. आणि स्मृतिचित्रे? आईने आठवणी लिहाव्यात म्हणून मुलगा देवदत्त मागे लागला, तेव्हा ते पुस्तक झालं. मुलाला आईची गोष्ट हवी होती! तुमच्या मुलाने तुमच्या विश्वासाची गोष्ट कधी मागितली आहे का? नसेल, तर ती आहे हे त्याला कळलेलंच नाही.

पंडिता रमाबाईंचं सांगते आणि थांबते. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवलं आणि त्या आईने मुलीला. ते आईवडील ख्रिस्ती नव्हते. पण त्यांनी लावलेली अभ्यासाची शिस्त केडगावला, मुक्तिसदन या त्यांच्या आश्रमात, रमाबाईंच्या कामी आली. हिब्रू आणि ग्रीक शिकून खेड्यातल्या बायकांना कळेल अशा मराठीत त्या शास्त्र आणत होत्या. मुक्तिसदनातल्या बायकाच छापखाना चालवत होत्या. अशात 1921 साली मनोरमा गेली, एकुलती एक मुलगी. कोणासाठी करायचं आता, असं रमाबाई म्हणाल्या नाहीत. काम पुरं करून 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, आणि संपूर्ण ग्रंथ 1924 साली बाहेर आला. स्वतःच्या पोटचं कोणी उरलं नसताना त्या बाईने दुसऱ्यांच्या लेकींसाठी एवढं केलं. तुमची मुलं तर तुमच्या शेजारी बसून जेवतात.

आज रात्री जेवणं झाली की टीव्ही बंद करा. मार्क काढा, सगळ्यात लहान शुभवर्तमान आहे. अर्धा अध्याय मोठ्याने वाचा. अडखळलात तरी चालेल, मुलांसमोर अडखळा. मग डोळे मिटून बापाने प्रार्थना करायची, आईवर ढकलायची नाही. प्रार्थना करता येत नसेल तर 'प्रभू, मला येत नाही' एवढं तरी म्हणा. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा, घराण्यात प्रभूला पहिलं कोणी ओळखलं, त्यापायी काय सोसलं. ते वयाने थकलेत, उद्यावर टाकू नका. आणि मुलांसमोर पाळकांना, मंडळीला नावं ठेवणं आजपासून बंद.

पुढच्या रविवारी वर्गात मी वचन विचारणार नाही. या आठवड्यात घरी कोणाला प्रार्थना करताना पाहिलं, एवढंच प्रत्येकाला विचारीन. मुलं सांगतील ती नावं मी फळ्यावर लिहिणार आहे, आणि उपासना संपेपर्यंत फळा पुसणार नाही.