त्याला कशाला शिव्या देतोस?

थांब. बॅग खाली ठेव, मोबाइल आत टाक. काल सगळ्या जिमसमोर त्या पोराला शिव्या हासडल्यास, तेव्हा मी दारातच उभा होतो. तो आधीच थरथरत होता म्हणून गप्प बसलो. आज तुझी पाळी.

रॉड २० किलोचा, दोन्ही बाजूंना ३०-३०. झाले ८०. तुझ्या नेहमीच्या बेंचपेक्षा १० जास्त. आणि मागे उभं कोणाला केलंस? जिममध्ये येऊन ज्याला धड आठवडा झाला नाही त्याला. नरडाण्याच्या एमआयडीसीतली शिफ्ट संपवून बिचारा सरळ इकडे येतो, 'भाऊ, भाऊ' करत तुझ्या मागेमागे फिरतो, एवढ्यावर तो तुझा पार्टनर? त्याला शिकवलंस काय, तर "मागे उभा राहा, अडकलो की उचल." संपलं शिक्षण! नव्या गोऱ्ह्याला पहिल्याच दिवशी भरल्या गाडीला कोणी जुंपतं का?

किती रेप्स मारणार, सांगितलंस? नाही. स्टँडवरून रॉड कितीव्या आकड्यावर सुटणार, ठरवलंस? नाही. लॉक? तेही नाही, कारण व्हिडिओची घाई. चौथ्या रेपला रॉड छातीच्या वीतभर वर अडकला आणि तू बोंब ठोकलीस. तो घाबरून उजव्या टोकाकडे धावला, एका हाताने टोक धरून वर ओढलं. रॉड तिरका झाला, डावीकडच्या प्लेटा घसरून खाली. मग एकट्या उजव्या बाजूला ३० किलो उरल्यावर रॉड उलटणार नाही तर काय? ते टोक त्याच्या पायापासून चार बोटांवर आदळलं. पायाचा चेंदा झाला असता तर त्याच्या मशीनवर तू उभा राहणार होतास?

आणि वर त्यालाच "अक्कल नाही का?" नाचता येईना अंगण वाकडं! तू बाहेर गेल्यावर तो मला हळूच म्हणाला, "सर, माले माहीत नही व्हतं." खरं तेच बोलला. तुला मात्र सगळं माहीत होतं.

सांगलीच्या संकेत सरगरचं नाव घेत फिरतोस ना? २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत १३९ किलो उचलताना त्याचा कोपर दुखावला. दुखऱ्या हाताने पुन्हा उभा राहिला, जमलं नाही; सुवर्ण एका किलोने हुकलं, रौप्य मिळालं. पण वेटलिफ्टिंगमध्ये वजन खाली टाकून देता येतं. तू बेंचवर पाठ टेकून पडलेला, रॉड छातीवर. कुठे टाकणार? म्हणून तर पॉवरलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मंचावर कमीत कमी २ सांभाळणारे लागतात, ५ पर्यंत चालतात. आणि बिकानेर विसरलास? फेब्रुवारी २०२५. सतरा वर्षांची सुवर्णपदक विजेती मुलगी, २७० किलोचा रॉड मानेवर कोसळून गेली. जवळ प्रशिक्षक होता, तरी. तुझ्या मागे कोण होतं, ते आता आठव.

तुझ्या पकडीचंही बोलून टाकतो. अंगठा बाहेर ठेवून रॉड नुसता तळव्यावर घेतोस. स्पर्धेत ती पकड चालतच नाही. घामाने एकदा निसटला की रॉड थेट गळ्यावर. मनगट मोडलं तर पोलीस भरतीचा ७.२६० किलोचा गोळा काय दातांनी फेकणार आहेस? १५ गुण आहेत त्याला.

आता मान वर कर आणि ऐक. उद्या पाचला दोघं या. रॉड रिकामा. आधी तू त्याच्या मागे उभा राहायचंस, तो झोपेल. दोन्ही हात रॉडच्या मध्यभागी, त्याच्या हातांच्या आत, गुडघे जरा वाकलेले. तो जोर लावतोय तोवर हात नुसते जवळ ठेवायचे; रॉड खाली यायला लागला की दोन्ही हातांनी सरळ उचलून स्टँडकडे न्यायचा. दोन्ही बाजू खाचेत बसल्याशिवाय हात काढायचा नाही. मग तू झोप, मुद्दाम हात ढिले सोड आणि त्याला उचलू दे. प्लेटा काढतानाही एक इकडची, एक तिकडची. त्याला हे सगळं न चुकता जमेपर्यंत तुझ्या रॉडला प्लेट लागणार नाही. लॉकची जोडी माझ्या खिशात आहे, मागून घ्यायची.

आणि जिममध्ये पाय ठेवायच्या आधी त्याची माफी मागायची. शिव्या सगळ्यांसमोर दिल्यास ना? माफीही सगळ्यांसमोर.