नव्याण्णव आणि एक

हरवलेल्या मेंढराचा दाखला आपण पुष्कळ वेळा ऐकिला आहे. परंतु त्यातील हिशेबाची अडचण आपल्या ध्यानी क्वचितच येते. नव्याण्णव मेंढरे रानात ठेवून एकाच्या शोधास जाणारा मेंढपाळ व्यवहारी मनुष्याच्या दृष्टीने शहाणा ठरेल काय? आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या दारी मेंढरे आहेत. ते मनातल्या मनात काय उत्तर देतील, हे आम्ही जाणतो.

हाच प्रश्न आमच्या मुलुखात अक्षरशः उभा आहे. सन २०११ च्या खानेसुमारीत सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत अनुसूचित जमातींची संख्या शेकडा एक किंवा त्याहूनही कमी भरली. डोंगराकडील कातकरी, माळावरचे फासेपारधी, अशी ही विखुरलेली माणसे आहेत. गडचिरोली वा नंदुरबारकडे अनुसूचित क्षेत्र आहे, तसे या दोन जिल्ह्यांत नाही. सपाटीवर ५,००० लोकांमागे एक आरोग्य उपकेंद्र, डोंगरी व आदिवासी मुलुखात ३,००० लोकांमागे एक, असे सरकारी प्रमाण आहे. परंतु दहा-पंधरा झोपड्यांची वाडी कोणत्या प्रमाणात बसावी?

आता कोणी म्हणेल, "पैसा थोडा, औषध थोडे, जेथे शंभर बरे होतील तेथेच ते खर्चावे." हे बोलणे दुष्टपणाचे नव्हे. साथीच्या दिवसांत वैद्याला असाच विचार करावा लागतो. सर विल्यम वॉनलेस हे १८८९ साली सांगलीस आले व १८९४ साली त्यांनी मिरजेस इस्पितळ उघडिले. मिरज हे आगगाडीचे मोठे ठाणे असल्यामुळे दूरदूरचे रोगी तेथे येऊ लागले, व त्यायोगे हजारोंस दृष्टी व आयुष्य लाभले. त्या कामाचे मोल कोण कमी करील?

तथापि जो येतो त्यास बरे करणे आणि जो येत नाही त्याकडे जाणे, ही दोन निराळी कर्तव्ये होत. कातकरी का येत नाही? दिवाळीनंतर तो मुकादमाकडून उचल घेऊन कोळशाच्या वा विटांच्या भट्टीवर कुटुंबासह जातो. एक दिवस दवाखान्यात घालविला तर मजुरी बुडते व कर्ज वाढते. पारध्याचे दुःख निराळे. १८७१ च्या कायद्याच्या बळावर सरकारने पुढे त्याच्या जातीस जन्मतःच गुन्हेगार ठरविले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, परंतु सरकारी इमारतीची धास्ती कायद्याबरोबर रद्द होत नाही.

येथेच आम्हांस संख्येच्या युक्तिवादात दोन उणिवा दिसतात. पहिली ही की, तो अंतर मोजतो, पण ते अंतर कोणी पाडिले हे विचारीत नाही. कातकऱ्याचे नावच काताच्या धंद्यावरून पडले. १८७८ च्या जंगल कायद्याने खैराचे रान सरकारी ताब्यात गेले, आणि तो धंदाही गेला. ज्यास आपण ढकलून दूर केले, त्यासच "तू फार दूर आहेस" असे म्हणावे, हा न्याय कसला? दुसरी उणीव अधिक खोल आहे. चिठ्ठ्या टाकून आज एकास व उद्या दुसऱ्यास वगळिले, तर ते कठोर असले तरी अन्याय्य म्हणवत नाही. येथे मात्र चिठ्ठी दर वेळी त्याच झोपडीच्या नावे निघते.

दूरच्या एकाकडे जाणे खर्चाचे असते, ही समजूतही पुरती खरी नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबेल आरोळे या दांपत्याने जामखेडास कार्य आरंभिले. तेथे गावच्याच बायांस, त्यांतील कित्येक निरक्षर व दलित, आरोग्याचे शिक्षण दिले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावच्या स्त्रियांस नवजात अर्भकांची शुश्रूषा शिकविली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, शेजारच्या गावांच्या मानाने नवजातांचे मृत्यू शेकडा ६२ ने घटलेले आढळले. तेथे इमारत थोरली नव्हती. झोपडीतील आईची भाषा बोलणारी बाई होती.

आपल्याकडे हे काम कोणी करावे? २००५ पासून आशा कार्यकर्त्या नेमिल्या जात आहेत. परंतु हंगामात स्थलांतर करणारी वाडी त्यांच्या वहीतून सहज गळते. उपदेशक बंधूंस गावोगाव फिरणे घडते. आपल्या शिवारात भट्टी लागली असेल, तर तेथे किती झोपड्या आहेत, किती मुलांस लस टोचलेली नाही, कोणती बाई गरोदर आहे, एवढे टिपून आशाताईंस कळवावयास वैद्यकी शिकावी लागत नाही. मात्र भट्टीवर जावयाचे ते सायंकाळी जावे. दिवसा मुकादम उभा असतो, आणि त्याच्यासमोर कोणी बोलत नाही.