वाटेत फुटलेले पत्र



संत ऑगस्टीन आफ्रिकेतील हिप्पोचे बिशप, संत जेरोम बेथलेहेमला. अंत्युखियात पौलाने पेत्राला तोंडावर विरोध केला, त्या प्रसंगाचा जेरोम यांनी लावलेला अर्थ ऑगस्टीन यांना पटला नाही. इ. स. ४०० च्या आसपास त्यांनी तसे पत्र लिहिले. ते जेरोम यांच्याकडे पोहोचण्याआधीच त्याच्या नकला इटलीत फिरल्या. बिनसहीची नकल पाहून जेरोम (मुळात तापट!) संतापले : हा तरुण बिशप पाठीमागे आपली निंदा करतो! ऑगस्टीन यांनी खुलासा केला, पण तिथेच न थांबता आपल्या शब्दांनी दुखावले म्हणून क्षमाही मागितली. मत मात्र सोडले नाही.

गेल्या महिन्यात आम्ही गायनवृंदाच्या मोबाईल गटात उशिरा येणाऱ्यांविषयी एक ओळ लिहिली. एका भगिनीला ती लागली. त्यांच्या घरी आजारपण होते. आम्हांस ठाऊक नव्हते. मग आम्ही लिहिले, 'कुणाचे मन दुखावले असल्यास क्षमस्व.' सेमिनरीत तर्कशास्त्र शिकूनही तो 'असल्यास' आमच्या ध्यानात आला नाही. त्या पुन्हा सरावाला आलेल्या नाहीत.

अर्पण वेदीपाशी ठेवून आधी समेट करायला जा, असे प्रभू सांगतो (मत्तय ५:२३-२४). दुखावलेल्याने आपल्याकडे यावे, असे तो म्हणत नाही. चूक चारचौघांत झाली, म्हणून कबुलीही इथे सर्वांसमोर देत आहोत. आज पहिल्या मिस्सेआधी आम्ही त्यांच्या घरी जाणार आहोत. मिस्सा उशिरा सुरू झाली, तर तो उशीर आमचा.