पौंडामागे किती शिलिंग

दर दोन महिन्यांनी खाणीच्या कचेरीसमोर माणसं जमत. कॅप्टन (हा जहाजावरचा नव्हे, खाणीवरचा) जमिनीखालच्या एकेका पट्ट्याचं नाव पुकारी आणि बोली उलटी सुरू होई: पौंडामागे दहा शिलिंग, नऊ, साडेआठ. कॅप्टन एक खडा हवेत उडवी. तो खाली पडायच्या आत ज्याची बोली शेवटची, पट्टा त्याच्या टोळीचा. पुढचे दोन महिने त्या पट्ट्यातून जे खनिज निघेल त्याच्या किमतीतले पौंडामागे तेवढे शिलिंग टोळीचे, उरलेले खाणीच्या भागधारकांचे.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलच्या तांब्याच्या खाणींतली ही 'ट्रिब्यूट' पद्धत. तिच्या जोडीला 'टटवर्क' होतं. त्यात बोगदा किती वाव पुढे सरकला एवढंच मोजून पैसे मिळत. विहिरीचं काम परसावर उक्तं द्यावं आणि शेत अर्धलीने द्यावं, तसे हे दोन प्रकार. उक्तं घेणारा मजूरच, यावर वाद नव्हता. वाट्याने घेणारा कोण, यावर मात्र एकोणिसाव्या शतकातल्या मोठमोठ्या डोक्यांनी विचार केला.

तो भागीदार आहे, हे उत्तर त्यांना फार आवडलं. अनेक खाणींचा कारभार पाहणारे जॉन टेलर या पद्धतीचे खंदे पुरस्कर्ते होते. 1832 मध्ये गणितज्ञ चार्ल्स बॅबेजने यंत्रांच्या अर्थशास्त्रावरच्या पुस्तकात कॉर्नवॉलचा दाखला दिला आणि कारखान्यांतही कामगारांचं उत्पन्न नफ्याशी बांधावं असं सुचवलं. 1848 मध्ये जॉन स्टुअर्ट मिलने कामगारवर्गाच्या भवितव्याचा विचार करताना हेच खाणकामगार पुढे केले. शीर कुठे रुंदावते, कुठे आटते हे ओळखणारा, स्वतः हिशेब करून बोली लावणारा, कुणाच्या देखरेखीवाचून राबणारा माणूस कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाला आवडावा असाच होता.

पण या भागीदाराचं खातं कसं चाले ते पाहा. दोन महिने घर चालवायला तो खाणीकडून उचल घेई. मेणबत्त्या, सुरुंगाची दारू, छिन्न्यांना धार लावणं, डॉक्टरची वर्गणी, सगळं त्याच्या नावावर पडे. राळ चोपडलेल्या टणक टोपीवर ओल्या मातीचा गोळा थापून त्यात खोचलेली मेणबत्तीसुद्धा त्याच्याच पैशाची. उजेड विकत घेऊन तो शीर शोधत होता. शीर आटली तर दोन महिने राबून उचलच अंगावर उरे. चांगली लागली, तर पुढच्या लिलावात त्याच पट्ट्याचा दर कॅप्टन खाली आणी. म्हणजे नशीब फळलं तरी दोन महिन्यांपुरतं.

कामगारही काही भोळे नव्हते. गरीब पट्ट्याला वाटा जास्त आणि श्रीमंत पट्ट्याला कमी. तेव्हा दोन टोळ्या आतून संगनमत करून चांगलं खनिज गरीब पट्ट्याच्या ढिगात टाकत. याला 'किटिंग' म्हणत, आणि पकडलं गेलं तर शिक्षा होई. खरा भागीदार आपलाच माल चोरून इकडचा तिकडे का करील, हा प्रश्न मिलसाहेबांना पडायला हवा होता. वर अंगणात हातोड्यांनी खनिज फोडणाऱ्या मुली बहुतेक रोजावर असत. त्यांना भागीदार म्हणण्याचं कुणाच्या मनातही आलं नाही.

या कल्पनेची परीक्षा शिडीवर झाली. खाणी खोल जात गेल्या तशी पाळी संपल्यावर शेकडो फूट शिड्या चढून वर यायची वेळ आली. आत घाम, वर कॉर्नवॉलचा गार वारा. हा वेळ कुणाच्या खात्यावर? ज्याचा धंदा त्याच्या, म्हणजे कामगाराच्या. म्हणूनच की काय, रॉयल कॉर्नवॉल पॉलिटेक्निक सोसायटीने बक्षीस लावलं, 1842 मध्ये मायकेल लोमने ट्रेसाव्हियन खाणीत माणसं वर नेणारं यंत्र बसवलं, तरी ते मोजक्याच खाणींनी घेतलं. खालीवर होणाऱ्या लांब लाकडी दांड्याला पावलापुरत्या फळ्या होत्या. दांडा थांबे त्या क्षणाला एका फळीवरून दुसरीकडे पाऊल टाकायचं, की माणूस थोडा वर आलेला असे. 20 ऑक्टोबर 1919 रोजी लेव्हंट खाणीत असाच दांडा तुटला आणि 31 जण गेले.

खाणकामगारांच्या छातीच्या रोगाचंही खातं उशिराच उघडलं. खाणींची पाहणी करणाऱ्या 1864 च्या किनेर्ड आयोगाने कोंदट हवा आणि शिड्यांकडे बोट दाखवलं. दगडाच्या धुळीपर्यंत यायला शरीरक्रियाशास्त्रज्ञ जे. एस. हॉल्डेनचा 1904 चा अहवाल उजाडावा लागला. तोवर तांबं संपत आलं होतं. 1866 च्या मंदीत खाणी धडाधड बंद पडल्या आणि माणसं दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मूंटाला, अमेरिकेतल्या मिशिगनला पांगली.

मिशिगनच्या ताम्रपट्ट्यात जुलै 1913 मध्ये मोठा संप झाला. तोपर्यंत तिथे फिनलंड, क्रोएशिया, इटलीचे लोक जास्त होते. दोघांनी चालवायचं ड्रिल काढून एकट्याने चालवायचं आणलं, ही त्यांची मोठी तक्रार. छताचा दगड सुटला तर हाक मारायची कुणाला? त्या यंत्राला ते 'विधवा करणारं' म्हणत. भागीदारी हा शब्द वाटाघाटींत कुणी काढला नसेल, पण मला वाटतं खाणकामगाराला पटलेली भागीदारी एवढीच होती: ड्रिलच्या दुसऱ्या बाजूचा माणूस. एप्रिल 1914 मध्ये संप मोडला. आठ तासांचा दिवस मिळाला होता. एकट्याचं ड्रिल राहिलं.