मशीन घेत नाही

'तुमचे नाव मशीन घेत नाही.' बँकेत, रेशनच्या दुकानात किंवा सरकारी खिडकीवर हे वाक्य ऐकले नाही, असा माणूस आपल्यात विरळा. कारकुनाला ते उच्चारताना संकोच वाटत नाही, कारण नकार त्याचा नसतो, मशीनचा असतो. आम्ही मात्र संगणकाच्या आज्ञावल्या लिहून पोट भरतो. आम्हांला ठाऊक आहे की मशीन स्वतःहून काही नाकारत नाही. कुणीतरी आधी लिहून ठेवलेला नकार ते वाचून दाखवते.

काही वर्षांपूर्वी असाच एक नकार आमच्या हातून लिहिला गेला. दोन याद्यांतील नावे जुळवायची आणि न जुळणारी वगळायची, एवढेच काम होते. आम्ही तीन रकाने आखले: नाव, वडिलांचे अथवा पतीचे नाव, आडनाव. कोकणातला परकार किंवा मुकादम त्यांत नीट बसला. मराठवाड्यातला शेख रशीद शेख दाऊद बसेना. 'शेख' एका यादीत नावाच्या रकान्यात गेला, दुसरीत आडनावाच्या. रोमन लिपीत तोच 'शेख' तीन तऱ्हांनी लिहिलेला, तर 'मोहम्मद' कुठे पूर्ण, कुठे दोन अक्षरांत उरकलेला. माणूस एकच, पण दोन याद्यांत तो एकमेकांना अनोळखी ठरला. लाज याची वाटते की आम्ही स्वतः अशाच नावांच्या घरात वाढलो. शाळेच्या हजेरीपासून आपले नाव उलटसुलट लिहिलेले पाहिले, आणि तरीही रकाने आखताना नेहमीचा साचा मुकाट्याने उचलला.

चूक कळली तेव्हा मनाने पहिला आधार शोधला तो नीयतीचा. सहीह बुखारीची पहिलीच हदीस नीयतीविषयी आहे, हे आपण लहानपणीच शिकतो. आमची नीयत साफ होती. कुणाचे वाईट व्हावे असे आमच्या मनात नव्हते. पण हा आधार फार काळ पुरला नाही. आमची नीयत साफ असल्याने वगळलेल्या घरातली चूल पेटली नव्हती.

चूक तर माणसाकडून होणारच. प्रश्न असा की चूक झाल्यावर ज्याचे नुकसान झाले त्याचे ऐकले जाते का? ब्रिटनच्या पोस्ट खात्यात १९९९ पासून 'होरायझन' नावाची हिशेबाची संगणकप्रणाली आली. तिच्यात दोष होते. नसलेली तूट ती दाखवी. लहान लहान टपाल कार्यालये चालवणारी माणसे सांगत राहिली की आम्ही पैसे घेतलेले नाहीत. संगणकाचा आकडा खरा आणि माणूस खोटा ठरला. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले, काही तुरुंगात गेले. प्रणालीतले दोष तिथल्या उच्च न्यायालयाने २०१९ साली मान्य केले, आणि २०२४ साली संसदेला कायदा करून शेकडो शिक्षा रद्द कराव्या लागल्या. इतक्या वर्षांत यंत्राची गवाही क्वचितच कुणी उलटतपासली, माणसांची मात्र रोज तपासली.

आपल्या परंपरेत हिशेबाचे नाते वेगळे होते. 'अल्गोरिदम' हा शब्द ज्याच्या नावावरून आला, तो अल-ख्वारिज्मी नवव्या शतकात खलीफा मामूनच्या काळी बगदादमध्ये होऊन गेला. बीजगणितावरच्या त्याच्या ग्रंथाचा मोठा भाग वारसा आणि वसीयत यांच्या वाटण्यांचा आहे. बेवा स्त्रीचा हिस्सा किती, मुलीचा किती, हे चुकू नये म्हणून तिथे गणित मांडले आहे. म्हणजे समीकरणाच्या शेवटी एक हकदार उभा होता. आमच्या आज्ञावलीच्या शेवटी फक्त 'न जुळलेली नावे' असा एक आकडा उरला.

अल्लाहचे हक आणि बंद्यांचे हक यांत आपले उलेमा भेद करतात. अल्लाहच्या हकात झालेली कसूर तौबा केल्यावर तो माफ करील. हुकूकुल इबादचे तसे नाही. ज्याचा हक बुडाला, तो त्याला परत द्यावा लागतो किंवा त्याची माफी मिळवावी लागते. इथे आमची अडचण होते. शेजाऱ्याचे देणे बुडवले तर त्याचे दार माहीत असते. आज्ञावलीने ज्यांचे हक बुडवले, त्यांची दारे कुठे शोधायची?

म्हणून ती दारे आधीच ठेवावी लागतील. नाव जुळले नाही तर माणूस वगळू नये, त्याला विचारावे. नकाराबरोबर त्याचे कारण त्याच्या भाषेत द्यावे. तो बदलण्याचा अधिकार असलेला एक माणूस खिडकीवर बसवावा. यामुळे काम थोडे संथ होईल, खर्च वाढेल. आम्ही आमच्या आज्ञावलीत पुढे हा बदल केला. आधी वगळले गेलेल्यांपैकी किती जण परत आले, हे आम्हांला सांगता येत नाही. ते देणे आमच्या खात्यावर आहे, आणि तो हिशेब कोणतेही मशीन आमच्यासाठी देणार नाही.