चार पाब्लो
पाब्लो हे स्पेनमध्ये आणि लॅटिन अमेरिकेत गल्लोगल्ली सापडणारं नाव. आपल्याकडच्या सुरेश-विजयसारखं. पण ते कानावर पडलं की प्रत्येकाला वेगळाच माणूस आठवतो. चित्रांची आवड असलेल्याला पिकासो. कविता वाचणाऱ्याला चिलीचे नेरुदा. रात्र रात्र जागून कोलंबियातल्या टोळ्यांवरची मालिका पाहिलेल्याला एस्कोबार. पहिल्याने १९३७ साली बॉम्बहल्ल्यात होरपळलेल्या गेर्निका गावाचं दुःख भिंतभर रंगवलं. दुसऱ्याने कांद्यावर, मिठावर, पायमोज्यांवर कविता केल्या. तिसऱ्याने आपल्याच देशात बॉम्ब फोडवले. तिघांचं नाव मात्र तेच.

चौथे पाब्लो आपल्याकडे फारसे माहीत नाहीत. पाब्लो कासाल्स. व्हायोलिनच्या कुळातलं, पण खाली टेकवून बसून वाजवायचं मोठं वाद्य म्हणजे चेलो. त्यातले हे उस्ताद. जन्म १८७६ चा, कॅटलोनियातला. वयाच्या तेराव्या वर्षी बार्सिलोनातल्या एका जुन्या दुकानात त्यांना बाख या संगीतकाराच्या चेलोसाठीच्या रचनांची वही मिळाली. त्या रचना लोकांपुढे वाजवायचं धाडस त्यांनी केलं ते पंचविशीच्या आसपास. तोवर नुसता रोजचा रियाज. आणखी एक नेम त्यांनी ऐंशी वर्षं पाळला. सकाळी उठलं की पियानोपाशी बसायचं आणि बाखच्या ठरावीक दोन रचना वाजवायच्या. मगच दिवस सुरू. १९७१ साली, चौऱ्याण्णव वर्षांचे असताना, त्यांनी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या सभेत आपल्या मुलखातलं पक्ष्यांचं लोकगीत चेलोवर वाजवलं. पिकासो, नेरुदा आणि कासाल्स हे तिघेही पुढे १९७३ या एकाच वर्षात गेले. आज पाब्लो म्हटल्यावर त्यांचं जे आठवतं, ते त्यांनी रोज बसून केलेलं काम.

आपलंही नाव दिवसभरात बऱ्याच जणांच्या तोंडी येतं. ऑफिसात, शाळेच्या गेटपाशी, सोसायटीच्या मीटिंगमध्ये. बहुतेक वेळा आपण तिथे नसतोच. ‘पाटीलबाईंकडे द्या, त्या बघतील.’ ‘देशपांडे हो म्हणालेत ना, मग काळजी नको.’ नाव बारशाला आयतं मिळतं. त्याच्या पुढचं हे अर्धं वाक्य कमवावं लागतं. एखाद्या दिवशी खूप राबून ते मिळत नाही. सांगितल्या वेळेला पोचणं, घेतलेली वस्तू आठवणीने परत करणं, ‘कळवतो’ म्हटलं की खरंच कळवणं, अशा बारीकसारीक गोष्टींतून ते हळूहळू जमत जातं. घरातली मोठी माणसं ‘पोरीने नाव काढलं’ म्हणतात, तेव्हा त्यामागे अशी कितीतरी वर्षं असतात.

कासाल्सांच्या त्या सकाळच्या वादनाला तिकीट नव्हतं. कुणाच्या टाळ्याही नव्हत्या. ते त्यांचं त्यांच्यासाठी होतं. असं एखादं छोटं काम आपल्याही दिवसात असू द्यावं. कंडक्टरसाठी सुटे पैसे हातात तयार ठेवणं असेल, शेजारच्या आजोबांना औषधाची आठवण करणं असेल, नाहीतर टेबलाशी बसल्याबरोबर कालचं राहिलेलं उत्तर आधी लिहून टाकणं असेल. कुणी बघो न बघो, ते रोज व्हावं. आज घराबाहेर पडण्याआधी असं एक काम ठरवा, आणि उद्याही तेच करा.